‘पानी कसं शे तुमनाकडे?’

सारंगखेड्याचं नाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते घोड्यांमुळे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि देशभरातले घोडे तापीकाठच्या या गावात विक्रीला येतात. पण गावाची रोजची बोलणी ऐकायची तर आषाढ-श्रावणात यावं. शहादा-दोंडाईचा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ओलं डोकं पुसत कुणी टेकला की राम राम होतो आणि पाठोपाठ अहिराणीत प्रश्न येतो, ‘पानी कसं शे तुमनाकडे?’ मग ‘बठा ना भाऊ, चहा ल्या.’ पिकाचं, पोराबाळांचं, भावकीतल्या आजारपणाचं बोलणं त्यानंतर निघतं.

हवापाण्याच्या गप्पांना रिकाम्या म्हणायची आपल्याला सवय आहे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी 1923 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा बोलण्याची बाजू घेतली होती. माणसं हवेबद्दल बोलतात ती माहिती देण्यासाठी नव्हे, तर एकमेकांशी नातं जोडून ठेवण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. तापीकाठी मात्र ते निम्मंच लागू पडतं. इथं नातंही जोडलं जातं आणि खबरही पोचते, आणि खबर चुकली तर नुकसान होतं.

याचं कारण नदीत आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि बऱ्हाणपूर, जळगाव, धुळे असा मुलूख ओलांडून नंदुरबार जिल्ह्यात शिरते. विदर्भातलं पाणी घेऊन येणारी पूर्णा तिला वाटेतच मिळालेली असते. त्यामुळे सारंगखेड्यावर लख्ख ऊन असतानाही नदी दुथडी भरून वाहू शकते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. ते किती उघडले, यावर खालच्या सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजचे दरवाजे कधी उघडायचे ते ठरतं. म्हणून इथला माणूस आपल्या डोक्यावरच्या ढगापेक्षा ‘वरच्या’ पावसाची चौकशी जास्त करतो. दरवाजे उघडणार म्हटलं की काठावरची गुरं आणि पाण्याच्या मोटारी हलवाव्या लागतात. सप्टेंबर 2023च्या पुरात तर सारंगखेड्याच्या पुलालगतचा भराव वाहून गेला आणि रस्ता बंद पडला. नदीपलीकडे दवाखाना, बाजार किंवा लेकीचं सासर असलेल्यांना तेव्हा लांबचा फेरा पडला. अशा दिवसांत ‘पाणी कसं आहे’ हा प्रश्न औपचारिक कसा राहील?

या बोलण्याला स्वतःचं कॅलेंडर आहे. मृग, आर्द्रा ही नावं पंचांगातली, पण पुनर्वसूचा पाऊस तो ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’, मघांचा ‘सासूंचा’ आणि पूर्वांचा ‘सुनांचा’, ही बारशी लोकांनी केलेली. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, यावरही पैजा लागतात. नक्षत्राच्या वाहनावर हवामानशास्त्र विसंबत नाही, हे खरंच. तरी कोणता पाऊस कपाशीच्या पेरणीचा आणि कोणता रब्बीच्या ओलीचा, हे लक्षात ठेवायला या नावांइतकी सोपी सोय दुसरी नाही.

बाहेर झड लागली की गप्पा चुलीपाशी सरकतात. ‘आज काय केलं?’ याचं खान्देशी उत्तर पुष्कळदा बाजारावाचून भागणारं असतं. चिखलात भाजीपाला येत नाही, आला तर महाग. मग डबे उघडतात. पातोड्यांची भाजी बेसनाची, शेवभाजी शेवेची. फुनके भिजवून भरडलेल्या डाळीचे, वाफवून कढीबरोबर खायचे. वैशाखात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया, पापड आणि ज्वारीचे बिबडे आता तळायला निघतात. खिचडीवर शेंगदाण्याच्या तेलाची धार हवीच.

कळण्याची भाकरी हा या दिवसांचा खरा आधार. ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र दळायचे, मीठही दळणातच. पिठाला उडदाचा चिकटपणा असतो, म्हणून थापताना हात पुन्हा पुन्हा ओला करावा लागतो. तव्यावरून उतरलेली करडी-काळसर भाकरी मोडायची, सोबत ठेचा, कांदा आणि कच्चं तेल. एका भाकरीत धान्य आणि डाळ दोन्ही पोटात जातात, हा शहाणपणा कुठल्याही आहारतक्त्याच्या आधीचा आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा घरगुती बोलण्याला उधाण येतं. सुरत, पुणे, नाशिकला पोटापाण्यासाठी गेलेली भावकी मूळ घरी जमते. घरातल्या पुरुषांच्या संख्येनुसार धान्य मोजून ‘रोट’ दळले जातात. रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी कानबाई वाजतगाजत पाण्याकडे निघते. रोट घरच्यांनीच खायचे असतात. ते संपेपर्यंत एकत्र जेवावं लागतं आणि वर्षभर अडलेली बोलणी त्या पंगतीत होतात. रोट किती लोकांचे, हे विचारलं की घरात कोण जन्मलं आणि कोण गेलं, तेही कळतं.

अलीकडे या गप्पांत मिलिमीटर शिरले आहेत. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि मदतीची, पंचनाम्याची चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. पण पाऊस मंडळाच्या हद्दी पाहून पडत नाही. पर्जन्यमापकापाशी रिमझिम आणि पाच किलोमीटरवर पपईच्या बागेत गुडघाभर पाणी, असं सर्रास घडतं. पपईच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही; थोड्या दिवसांत झाड पिवळं पडतं आणि कोलमडतं. शहादा तालुक्यात पपई मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून शेजाऱ्याच्या शिवारातला पाऊस विचारणं इथं फार मोलाचं. मापकाला न दिसलेलं पाणी निदान चार माणसांच्या तोंडी तरी नोंदलं जातं.

दसऱ्यानंतरही विषय संपत नाही. नंदुरबारच्या मोठ्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर, पथारींवर, वाळत पडते. तिला तेव्हा कोरडं ऊन लागतं. अवकाळी सर आली तर मिरची भिजते, रंग जातो, भाव पडतो आणि पथारीवर राबणाऱ्या मजुरांचा रोजही बुडतो. सारंगखेड्यात घोडेबाजाराची तयारी चालू असते त्याच सुमारास, म्हणून त्या दिवसांत ढग भरून आले की घोडे बघायला निघालेला माणूसही आधी विचारतो, नंदुरबारला मिरची झाकली का?