बुडीत खात्यातली बोट

लाकडी बोटीची तपासणी करायला सर्व्हेअर येतो, तेव्हा त्याच्या हातात एक छोटी हातोडी असते आणि खिशात टोच्या. बोट क्रेनने पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर टेकवलेली असते. हा गृहस्थ तिच्या पोटाखाली उकिडवा बसतो आणि एकेक फळी ठोकत पुढे सरकतो. धड लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्याला यात नवीन काही नाही. आवाज बसला की तो खडूने फुली मारतो, टोच्या रुतवून बघतो आणि एक शब्दही न बोलता पुढे जातो. माझ्या मित्राच्या बोटीखाली मी टॉर्च धरून त्याच्यामागून सरकत होतो. पाण्याखाली राहणाऱ्या भागात फुल्या मोजक्याच पडल्या. वर, डेकच्या कडेला आणि खिडक्यांखाली मात्र खडू थांबेचना.

त्यामागचं कारण साधं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि गोडं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात बुडून राहिलेल्या फळीत तिला दोन्ही मिळत नाहीत. तिथे लाकूड पोखरणारे समुद्री किडे असतात, पण त्यांच्यासाठी तांब्याचा रंग लावता येतो. बोटीला खरा धोका आभाळातून. डेकच्या सांध्यातून पावसाचं पाणी झिरपतं, बरगडीच्या वरच्या टोकाशी मुरतं, तिथून डिझेलच्या लोखंडी टाकीच्या माथ्यावर ठिबकत राहतं. टाकी वरून गंजत जाते. बरं, ती टाकी बाहेर काढायची तर बहुतेकदा आधी इंजिन हलवावं लागतं, नाहीतर टाकी आतच कापून तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते. म्हणजे कोणे एके काळी कुणीतरी खिडकीची चौकट वेळेवर बंदिस्त केली नाही, त्याचं बिल आजच्या मालकाने भरायचं. जुनी बोट घेणारा माणूस लाकूड आणि इंजिन घेतो असं वाटतं. खरं तर तो आधीच्या सगळ्या मालकांचा आळस विकत घेत असतो.

मित्राची बोट १९६७ सालची ‘ग्रँड बँक्स ३६’. लांबी सुमारे अकरा मीटर, वजन बारा टनांच्या आसपास. ‘अमेरिकन मरीन’ या कंपनीच्या हाँगकाँगच्या यार्डात बांधलेली. मासेमारीच्या ट्रॉलरची ठेवण घेऊन, त्यात झोपायला बिछाने आणि चहाला शेगडी बसवून केलेली ही हौशी लोकांची बोट. हे मॉडेल इतकं चाललं की ते हजारापेक्षा जास्त बांधलं गेलं. सुरुवातीच्या बोटी लाकडी, फिलिपाइन्सच्या महोगनीच्या फळ्यांच्या. १९७३ पासून कंपनी फायबरग्लासवर गेली. ती रेघ आजही बाजारात स्पष्ट दिसते. फायबरग्लासच्या बोटीला गिऱ्हाईक असतं, लाकडीला फक्त चाहते असतात. म्हणून तर त्याला ती वीस-पंचवीस हजार डॉलरमध्ये मिळाली. इतक्या पैशात अमेरिकेत नवी मोटारसुद्धा जेमतेम येते.

‘‘विकायची झाली तर किती येतील?’’ एवढा एकच प्रश्न वहिनींनी पहिल्या दिवशी विचारला. तो ‘‘बघू ना’’ म्हणाला. त्या प्रश्नाचा धागा धरूनच मी हे सगळं पाहत गेलो, कारण त्याच्या खर्चाचा तक्ता ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. हातकामात मी फारसा उपयोगाचा नाही.

बोट नेली पोर्ट टाउन्सेंडला. सिएटलहून फेरी आणि मोटार मिळून साधारण दोन तास, ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकावर. लाकडी बोटींची ही पंढरी म्हणायची. १९७७ पासून इथे लाकडी बोटींचा उत्सव भरतो आणि १९८१ मध्ये सुरू झालेली लाकडी बोटबांधणीची शाळा जवळच्याच पोर्ट हॅडलॉकमध्ये आहे. यामागे हवामानाचाही हात आहे. ऑलिम्पिक पर्वत ढग अडवतात, त्यामुळे इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, सिएटलच्या निम्मा. कोकणात वाढलेल्या आम्हा दोघांना सिएटलच्या पावसाचंच कौतुक नव्हतं, तर याचं काय! पण लाकूड वाळायला, रंग धरायला हा निम्मा पाऊस फार मोलाचा. दुसरी सोय अशी, की बंदर सार्वजनिक मालकीचं आहे आणि मालकाला स्वतःच्या बोटीवर स्वतः काम करू देतात. पुष्कळ यार्डांत आता हे चालत नाही. भाडं मात्र फुटाच्या हिशेबाने रोजच्या रोज चढत राहतं, तुम्ही काम करा किंवा नुसते बोटीकडे बघत बसा.

सगळ्यात वेळखाऊ काम स्क्रूंचं. फळ्या बरगड्यांना ब्राँझच्या स्क्रूंनी धरलेल्या असतात, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच बसवलेलं असतं. खाऱ्या पाण्यात पन्नास वर्षं काढलेल्या ब्राँझमधलं जस्त निघून गेलं की स्क्रू गुलाबी, ठिसूळ होतो. सर्व्हेअरने नमुन्याला काढलेले काही स्क्रू हातात घेताच खडूसारखे मोडले. मग आधी बूच फोडायचं, खोबणीतला जुना रंग टोकरून काढायचा, स्क्रूड्रायव्हर बसवून अंगाचा सगळा भार देत फिरवायचा. निम्मे येतात. उरलेल्यांची डोकी निघतात, मग त्यांच्याभोवती पोकळ ड्रिल फिरवायचं. नवा स्क्रू जाडीने किंवा लांबीने एक आकडा मोठा. वर नवं बूच, त्याची रेषा फळीच्या रेषेला जुळवून ठोकायचं आणि वाळलं की पटाशीने सपाट करायचं. बोटसुताराने त्याला पहिले चार-पाच दाखवले आणि निघून गेला. त्याची मजुरी ताशी शंभर डॉलरच्या वर. उभं राहून गप्पा मारायला सुद्धा ती परवडणारी नव्हती.

आता साधा गुणाकार करा. दोन हजार स्क्रू, दर स्क्रूला दहा मिनिटं. तीनशेपेक्षा जास्त तास झाले. सुताराकडून करून घेतलं तर नुसती मजुरी तीस हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे बोटीच्या किमतीपेक्षा जास्त. आणि एवढं करूनही बोट बाहेरून होती तशीच दिसणार. ग्राहकाला फोटोत दाखवता येईल असं यात काहीच नाही. जुन्या बोटीवरचा बराचसा पैसा असाच अदृश्य जागी जातो, म्हणून तो विकताना परत येत नाही. चकचकीत वार्निश मात्र दिसतं. विकायच्या आधी लोक वार्निशच लावतात.

एका गोष्टीने मी खरोखर चकित झालो. बोटीच्या धातूच्या भागांचं गंजण्यापासून रक्षण करायला बाहेरून जस्ताच्या वड्या बांधतात. जस्त आधी झिजतं, बाकीचे धातू वाचतात. आधीच्या कुणा काळजीवाहू मालकाने त्या भरपूर लावल्या होत्या. लाकडी बोटीत हा अतिरेक उलटतो. ज्या धातूचं रक्षण होतं, त्याच्या कडेला अल्कली तयार होते आणि ती भोवतालचं लाकूड खाते. सुकाणूच्या बैठकीपाशी फळी पांढुरकी, मऊ, तंतू सुटलेली होती. बोल्ट मात्र झकास.

सांधे भरायचं काम बघायला मजा येते. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वळलेली लड बोथट धारेच्या लोखंडाने आणि लाकडी हातोड्याने ठोकत न्यायची, वर लांबी भरायची. सैल बसली तर पाणी येतं. जास्त ठासली तर बोट पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही, आणि त्या बरगड्यांपासूनच सुटू पाहतात. म्हणजे फट थोडी उपाशी ठेवायची आणि उरलेलं काम पाण्यावर सोडायचं. किती उपाशी, हे सुतार हातोड्याच्या आवाजावरून ओळखतो. हे काम मित्राने स्वतः केलं नाही. पैसे मोजले, आणि माझ्या मते त्या सगळ्या तक्त्यातला सर्वांत योग्य खर्च तोच होता.

इंजिनाने मात्र लाज राखली. फोर्डचं मूळ ट्रक-ट्रॅक्टरांसाठीचं सहा सिलिंडरचं डिझेल, लेहमन कंपनीने समुद्रासाठी बदललेलं, १२० अश्वशक्तीचं. ना संगणक, ना सेन्सर. इंधनपंपाचं तेल वेगळं असतं आणि ते वेळच्या वेळी बदलावं लागतं, एवढं एक पथ्य. सुटे भाग अजून मिळतात, आणि बोट सात नॉटच्या संथ चालीने फार डिझेल न पिता जाते. जुनी बोट घ्यावी की नाही हे ठरवताना लोक लाकडाकडे बघतात. मी आधी विचारीन, इंजिनाचे भाग मिळतात का.

त्याच यार्डात एका वेगळ्या हिशेबाचीही बोट होऊन गेली. ‘वेस्टर्न फ्लायर’, १९३७ साली टॅकोमात बांधलेली मासेमारी बोट. १९४० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक आणि जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स हिच्यातून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले होते. पुढे ती २०१२ आणि २०१३ मध्ये दोनदा बुडाली. जॉन ग्रेग यांनी २०१५ मध्ये विकत घेतली आणि इथल्या सुतारांनी सात वर्षांनी, २०२२ मध्ये, ती पुन्हा पाण्यात सोडली. खालचा सांगाडा जवळजवळ सगळा नव्या लाकडाचा. तिथे ‘परवडतं का’ हा प्रश्नच गैरलागू, कारण तिच्या जागी दुसरी आणता येत नाही. तीच गोष्ट ‘ट्रिंकोमाली’ची. मुंबईच्या वाडियांनी सागवानात बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला दशकभर खपून पुन्हा उभं केलं, आज ते तरंगतं संग्रहालय आहे. असल्या जहाजांचा खर्च संस्था आणि देणगीदार उचलतात. ‘ग्रँड बँक्स ३६’ मात्र हजारावर बांधल्या गेल्या. मित्राच्या बोटीची कहाणी कुणी लिहिलेली नाही, तेव्हा देणगीदार तो एकटाच.

म्हणून डेकपाशी आम्ही भांडलो. सागवानी डेक पुन्हा सागवानी करायचं त्याच्या मनात होतं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले; बर्मा सागाचा भाव आधीच चढा होता, आता त्याला संशयाचा वासही लागला. ‘‘अरे, डेकचं काम पाणी अडवायचं, शोभेचं नव्हे,’’ मी म्हणालो. चार दिवस तो बोलला नाही. शेवटी त्याने जुन्या डेकवर कापड आणि राळ चढवून वर खरखरीत रंग दिला. शुद्धतावादी सुतारांनी नाकं मुरडली, पण बोट वरून कोरडी झाली. मला विचाराल तर ‘जीर्णोद्धार’ आणि ‘चालू ठेवणं’ यांतला फरक इथेच आहे, आणि सामान्य पगारदाराने दुसऱ्याच वाटेने जावं.

आणि काहीच न करणं? तोही मार्ग फुकट नाही. बोट मोडीत काढायलाच हजारो डॉलर लागतात, म्हणून लोक त्या सोडून देतात. वॉशिंग्टन राज्याने २००२ मध्ये अशा बेवारशी बोटी उचलण्यासाठी कायदाच केला.

पाण्यात सोडण्याआधी विम्यासाठी पुन्हा सर्व्हे झाला. लाकडी बोटीला विमा देणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि विम्याशिवाय मरीना जागा देत नाही. सर्व्हेअरने बाजारमूल्य लिहिलं ते तक्त्यातल्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी होतं, तेही मित्राचे स्वतःचे तास शून्य धरून. वहिनींनी कागद वाचला, घडी घातली आणि त्याच्याच हातात दिला. ‘‘बघितलं,’’ एवढंच म्हणाल्या.

त्याच सुमारास यार्डाच्या फलकावर एक जाहिरात लागली. हेच मॉडेल, चार वर्षांनी नवीन; टाक्या बदललेल्या, डेक नवं, स्क्रू सगळे नवे, मालक वयस्कर. किंमत मित्राच्या नुसत्या सामानाच्या खर्चापेक्षा कमी. कुणी सल्ला विचारला तर मी हाच देईन: दुसऱ्याने पैसे बुडवून झालेली बोट शोधा. मित्राने जाहिरात दोनदा वाचली.

‘‘ही घ्यायला हवी होती,’’ तो म्हणाला. मग चष्मा पुसत, ‘‘पण तिचे स्क्रू कुणी बसवलेत, कुणास ठाऊक.’’