लेकरांचं ताट, आपल्याच चुलीवरचं

आजचं बोलणं आहे ते खानावळ चालवणाऱ्या गटांसाठी. बाकीच्यांनीही ऐका, कारण यातलं निम्मं घरातही लागतं.

सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला लोक मुद्दाम जातात. अशाच गडांच्या पायथ्याला, देवस्थानांच्या वाटेवर आपल्या बायका खानावळी चालवतात. मोठ्यांचं जेवण आपण झकास करतो. पण सोबत चार-पाच वर्षांचं लेकरू असलं की काय होतं बघा. पिठल्याचा एक घास घेतला की ते पाणी-पाणी करतं. मग बाप शेजारच्या टपरीवरून वेफर्सचं पाकीट आणतो आणि आई लेकराचं उरलेलं, गार झालेलं जेवते. पुढच्या वेळी ते कुटुंब गाडी कुठे थांबवेल? जिथे लेकरू जेवतं तिथेच.

यावर काही जणी नूडल्स आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्या ठेवतात. मला ते पटत नाही. त्याला सामान वेगळं, कढई वेगळी, आणि नाक्यावरचा गाडीवाला तेच आपल्यापेक्षा स्वस्तात देतो. लेकराचं ताट आपल्याच चुलीवर जे शिजतंय त्यातून निघायला हवं. तिखट पडायच्या आधी बाजूला काढायचं, एवढीच युक्ती.

डाळ शिजली की फोडणीआधी एक पातेलं वरण काढून ठेवा. हळद, मीठ, किंचित गूळ, वाढताना वरून तूप. पिठल्याची लहान कढई मिरचीशिवाय करा, जिरं-लसणाची फोडणी पुरते. थालीपीठ पुरीएवढं थापा, सोबत लोण्याचा गोळा. मोठ्या भाकरीचा तुकडा देऊ नका. तळहाताएवढी अख्खी भाकरी करा. एवढीशी भाकरी ताटात आली की लेकराला ती आपली वाटते, आणि ते संपवतं. गोडाला नाचणीची खीर ठेवा. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. फलकावर 'नाचणीची खीर' असं ठळक लिहा, आया ते वाचतात.

आता जपायचं काय? पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालतं, पण काही मुलांना दाणे अजिबात सोसत नाहीत. म्हणून वाढण्याआधी विचारायचंच, "ताई, बाळाला दाणे चालतात ना?" वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजीने आग्रह केला तरी. आणि सकाळचा भात दुपारभर तसाच ठेवून मऊ भात म्हणून वाढायचा नाही. लागेल तसा थोडा-थोडा ताजा लावा.

पैशाचं बोलू. "लेकराचे काय पैसे घ्यायचे?" असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. चव बघायला चमचाभर खीर फुकट द्या, खुशाल द्या. ताटाचे मात्र घ्या. समजा साहित्य सोळा रुपयांचं, सरपण आणि मजुरी चौदा रुपये, म्हणजे तीस झाले. पंचेचाळीसला दिलं तर ताटामागे पंधरा सुटतात. रविवारी वीस ताटं गेली की तीनशे रुपये. मोठ्या ताटाची किंमत निम्मी करून लेकराचा भाव ठरवू नका. घास लहान असला तरी ताट मांडायला, घासायला बाईची मेहनत तेवढीच लागते. खर्च मांडूनच भाव लावा.

वाढायची पद्धतही सांगते. टेबलावर पहिलं ताट लेकराचं जायला हवं. वरण-भात तयारच असतो, पाच मिनिटांत जातो. काठ उंच असलेली वाटी द्या, लहान चमचा द्या, आणि वाढण्याआधी आपल्या बोटाला गरम लागतं का ते बघा. भुकेलं पोर रडायच्या आत जेवायला लागलं, की त्याच्या आईची भाकरी तव्यावर टाका. म्हणजे तिला ती गरम मिळेल.