भाकरीच्या मुलखात कीटोचे पथ्य

ज्या प्रांतात बहामनी अमदानीतील दामाजीपंतांनी दुष्काळपीडितांसाठी सरकारी कोठारे खुली केल्याची कथा आजही श्रद्धेने सांगितली जाते, ज्याच्या काळ्याभोर जमिनीत रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले, आणि जिथे कडक भाजलेली भाकरी दिवसच्या दिवस टिकवून परगावी नेण्याची रीत आहे, त्या सोलापुरात एखाद्या गृहस्थाने भाकरी सोडण्याचा निश्चय करावा, ही घरादाराला हलवणारी घटना होय. असा निश्चय हल्ली वजनाच्या किंवा रक्तातील साखरेच्या काळजीने पुष्कळ घरांत होतो, आणि त्याच्या पाठोपाठ ओट्यावर एअर फ्रायर नावाचे यंत्र येऊन बसते. कीटो आहाराला या यंत्राचा खरोखर कितपत उपयोग आहे, याची शहानिशा खरेदीपूर्वी झालेली बरी.

कीटो आहाराचा जन्म वजन घटवण्यासाठी झाला नव्हता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली अपस्माराच्या रुग्णांसाठी त्याची शिफारस केली आणि नावही त्यांनीच दिले. पुढे १९३८ नंतर फेनिटोइनसारखी औषधे हाती आल्यावर तो बराच काळ मागे पडला. त्याचे तत्त्व असे की, पिष्टमय पदार्थ दिवसाकाठी साधारण २० ते ५० ग्रॅमांपर्यंत खाली आणले म्हणजे यकृत स्निग्धांशापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करू लागते आणि मेंदूसह सारे शरीर आपल्या इंधनाची बरीचशी गरज त्यांच्यावर भागवू लागते. आता आपला जमाखर्च पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एकच भाकरी दिवसाची बहुतेक सारी मंजुरी खर्च करून टाकते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हा आहार वैद्यांच्या देखरेखीवाचून मुळीच सुरू करू नये, कारण अन्न बदलले की औषधाची मात्राही बदलावी लागते, आणि मधुमेहावरील काही नव्या गोळ्यांबरोबर हा आहार घेतल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोका असतो.

एअर फ्रायर ही वस्तुतः छोटी, बंदिस्त भट्टी होय. वरच्या बाजूस विजेचे तापते वेटोळे, त्यावर पंखा, आणि खाली जाळीचे भांडे, अशी तिची रचना. पंख्याने वेगाने फिरवलेली, बहुधा ८० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवता येणारी हवा पदार्थाच्या पृष्ठभागावरील ओलावा झपाट्याने उडवून नेते, आणि तो कोरडा झाला की त्यावर खरपूस तांबूस रंग चढतो. डच संशोधक फ्रेड व्हान डर वेय यांच्या कल्पनेवर आधारलेले असे यंत्र फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले, तेव्हापासून त्याची मुख्य ख्याती एकच राहिली: अत्यल्प तेलात तळणाची लज्जत. परंतु कीटो करणाऱ्याला तेल-तुपाची भीती नसते. त्याच्या उष्मांकांचा मोठा हिस्सा स्निग्धांशातूनच यावयाचा असतो. त्यामुळे ज्या गुणाची जाहिरात होते तो गुण या आहारात जवळजवळ गैरलागू ठरतो, आणि पनीरवर तेल लावण्यात काटकसर केली तर ते रबरासारखे चिवट होऊन उलट अन्नाची नासाडी होते.

मग हे यंत्र निरुपयोगी म्हणावे काय? माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण आहारशास्त्रापेक्षा आपल्या कुटुंबव्यवस्थेत आहे. घरात कीटो करणारा बहुधा एकटाच असतो. सासू-सासऱ्यांना भाकरी हवी, मुलांना वरणभात हवा, आणि या एकट्यासाठी निराळे पदार्थ निराळ्या वेळी रांधावयाचे ते मात्र त्याच गृहिणीने. चैत्र-वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर गेलेला असताना तव्यासमोर उभे राहून बारा भाकऱ्या थापल्यावर त्याच बाईने पुन्हा कढई चढवून पनीर परतावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. इथे हे यंत्र खरे उपयोगी पडते. भांड्यात जिन्नस घालून वेळ लावली की ते आपले काम आपण करते आणि घंटी वाजवून थांबते. चार लिटरांचे भांडे एकदोघांपुरतेच असते, पण इथे गरजही तेवढीच असते. शिवाय ज्याचे पथ्य त्यानेच ते लावावे, हे या यंत्रामुळे सहज जमते, आणि ज्या पुरुषांनी कधी गॅस पेटवला नाही त्यांनाही ही सबब पुढे करता येत नाही.

जिन्नसांची निवड मात्र समजून करावी लागते. पनीरचे तुकडे, तेल-हळद-तिखट चोळलेला फ्लॉवर, ढोबळी मिरची, कारल्याच्या चकत्या, उजनीच्या धरणातले मासे हे १८० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटांत उत्तम होतात, फक्त ते एकमेकांवर रचू नयेत. हवा फिरायला जागा उरली नाही तर पदार्थ भाजण्याऐवजी वाफाळतो. भज्यांचे पातळ पीठ जाळीतून गळते, आणि तसेही बेसनाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पचणाऱ्या पिष्टाचा असल्याने बेसन व रवा दोन्ही इथे वर्ज्य समजावेत. त्यांच्या जागी तिळाचे किंवा दाण्याचे कूट लावता येते, मात्र तेव्हा आच १६० अंशांच्या वर नेऊ नये, नाहीतर कूट करपते. बोकडाचे मटण या कोरड्या उष्णतेत मऊ होत नाही. ते आधी कुकरमध्ये शिजवून शेवटी पाच-सात मिनिटे खरपूस करावे. चरबी खाली ठिबकून धूर होऊ लागला तर तळाच्या ड्रॉवरमध्ये थोडे पाणी घालून ठेवावे.

विजेचा खर्च भीती वाटण्याजोगा नाही: पंधराशे वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर फार तर अर्धे युनिट जळते. पण त्याला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, आणि जुन्या वाड्यांतील वायरिंग तेवढा भार सोसेल की नाही, हे वायरमनकडून तपासून घेतलेले बरे. घरात आधीच चालू स्थितीतला ओव्हन असेल तर हा नवा खर्च करू नये. काम थोडे हळू होईल, इतकेच.

सोलापूरच्या शाकाहारी घरांत, आणि लिंगायत समाजामुळे अशी घरे येथे पुष्कळ आहेत, कीटो केवळ पनीरवर चालवणे कंटाळवाणे होते. तेव्हा आपल्या फळीवरच्या बरण्यांकडे पाहावे. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस ही सारी तेलबियांची मंडळी आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ४० ते ५० ग्रॅम स्निग्धांश, २५ ग्रॅमांच्या आसपास प्रथिने, आणि तंतू वजा जाता पचणारी कर्बोदके दहा ग्रॅमांहूनही कमीच असतात. म्हणजे सोलापूरची शेंगाचटणी, गूळ-साखर न घालता आणि मोजून दोन चमचे घेतली तर, या पथ्यात बिनधास्त बसते. दाणे १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटे, मधून एकदा हलवून, सालासकट भाजावेत; सुटी साले आत राहिली तर वाऱ्याने उडून वरच्या तापत्या वेटोळ्याला चिकटतात. तीळ आणि कारळे जाळीतून गळतात, म्हणून ते लोखंडी तव्यावरच बरे. पुढचे काम मात्र उखळाचे: लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ घालून दाणे तेल सुटेपर्यंत कुटावेत. ती चटणी रात्रीच्या पंगतीला दोन ताटांत वाढली जाते, एकात शेजारी भाकरी असते, दुसऱ्यात खरपूस कारल्याच्या चकत्या, आणि वरून घातलेले कच्चे तेल दोन्हीकडे सारखेच असते.