किल्ली फिरते, पण मोटार का चालत नाही?

गेल्या पावसाळ्यात मी मामांच्या गावी गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास मामांना एकाएकी दम लागला. तालुक्याचं रुग्णालय नऊ कोसांवर. मामेभावानं खुंटीवरची किल्ली घेतली, मोटारीचं दार उघडलं, किल्ली फिरवली. यंत्र दोनदा घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गल्लीतली पोरं धावून आली. भर पावसात चिखलातून त्यांनी मोटार पार मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली. गाडी काही चालू होईना. समोरच्या फळीवर किल्लीचं चित्र असलेला एक तांबडा दिवा मात्र सारखा लुकलुकत होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. मीही नाही.

शेवटी मामींना आठवण झाली. "अरे, जुनी किल्ली ट्रंकेत ठेवलीस ना तू?" ती आणली आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. मामा वाचले. पण पाऊण तास हकनाक गेला होता. मामेभावानं त्याच दिवशी आठवड्याच्या बाजारात दुसरी किल्ली करून आणली होती. दार उघडतंय एवढं पाहून तो समाधान पावला, आणि अस्सल किल्ली त्यानं जपून ठेवून दिली. घोटाळा झाला तो इथंच.

आता हा घोटाळा नीट समजून घेऊ या. पूर्वी किल्ली म्हणजे लोखंडाचा कातलेला तुकडा. दात जुळले की काम झालं. चोरही तारा जोडून मोटार पळवीत असे. म्हणून मोटारीत एक राखणदार बसवण्यात आला. त्याला इमोबिलायझर म्हणतात, म्हणजे मोटारीला जागचं हलू न देणारा. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला.

गडाचा दरवाजा रात्री बंद झाल्यावर आतला पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो, तसंच हे आहे. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी चिप असते. कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. आपण किल्ली घालून फिरवली, की वेटोळं विचारतं, "कोण आहे?" चिप आपला सांकेतिक आकडा सांगते. तो यंत्राच्या स्मरणात नोंदलेला असला, तरच इंधन आणि ठिणगी यांची वाट मोकळी होते. नसला, तर किल्लीचे दात कितीही जुळोत, वाट बंद. काही गाड्यांत यंत्र क्षणभर सुरू होऊन बंद पडतं, काहींत स्टार्टरही फिरत नाही. ढकलूनही उपयोग होत नाही, कारण इंधनच अडवलेलं असतं.

शिक्षकबंधूंना इथं एक चांगला धडा मिळेल. या चिपेला स्वतःची बॅटरी नसते. मग ती बोलते कशी? वेटोळ्यातला बदलता प्रवाह चिपेच्या इवल्याशा वेटोळ्यात वीज निर्माण करतो. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेला हा नियम आपण शाळेत मुलांना शिकवतो. तोच इथं मोटारीची राखण करतो. दुरून दार उघडणाऱ्या बटणासाठी मात्र किल्लीत नाण्यासारखा सेल असतो. तो संपला तर बटण चालत नाही, पण त्या किल्लीनं गाडी मात्र सुरू होते. ही दोन कामं वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवा.

आता गाडी अडली तर काय करावं? आधी खूण ओळखा. किल्ली फिरतच नसेल, तर सुकाणूचं कुलूप लागलेलं असतं. चाक हलकेच डावी-उजवीकडे हलवीत किल्ली फिरवा. नुसतं टकटक वाजतं आणि दिवे मंद पडतात, तर बॅटरी उतरली आहे. किल्ली फिरवल्यावर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला, तर राखणदारानं ओळख नाकारली आहे. गाडी बंद करून किल्ली काढल्यावर काही मोटारींत हा दिवा सावकाश लुकलुकतो. तो मात्र पहाऱ्याचा दिवा, बिघाड नव्हे.

ओळख नाकारली असेल, तर किल्ली काढा. जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या आणि धातूच्या कड्या बाजूला करा. चिपेच्या दुसऱ्या किल्ल्या शेजारी असल्या, तर बोलण्यात गोंधळ होतो. थोडं थांबून पुन्हा पाहा. मग दुसरी अस्सल किल्ली लावा. तिनं गाडी चालली, तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी चालली नाही, तर वेटोळं, तार, फ्यूज किंवा मुख्य यंत्र. इथं जाणकार कारागीर हवा. तारा तोडून प्रयोग करू नका. आपल्याकडे उंदीर तारा कुरतडतात, तेही पाहून घ्यावं. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारीत किल्लीचा सेल संपला, तर बहुतेक गाड्यांत ती किल्ली बटणाला चिकटवून धरल्यावर काम होतं. आणि भोंगा उगीच वाजत असेल, तर आधी बॉनेट आणि दारं नीट लागली आहेत का, ते तपासा.

इतका उपद्रव, तर हा राखणदार हवाच कशाला, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत २०११ ते २०२१ या वर्षांतल्या ह्युंदाई आणि किआ कंपन्यांच्या कितीतरी मोटारींत तो बसवलेला नव्हता. २०२१ नंतर त्या मोटारींच्या चोऱ्यांचा तिथं नुसता सुळसुळाट झाला. त्यावरून त्याचं मोल कळतं. तरी तो सर्वशक्तिमान नाही. गाडी ओढून नेणाऱ्या चोरापुढं त्याचं काही चालत नाही.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. नवी किल्ली केली, की दार उघडून समाधान मानू नका. यंत्र सुरू करून, थोडं चालवून पाहा. चिपेची किल्ली यंत्राला ओळखवून द्यावी लागते. दोन्ही अस्सल किल्ल्या आणि तिचा आकडा लिहिलेली पट्टी घरात ठेवा, गाडीत नको. जुनी मोटार घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्या. चोरी झाल्यावर विमा कंपनीही त्या मागते. आणि घरात रोगी असेल, तर गाडीशी झटत बसू नका. आधी १०८ क्रमांकाला फोन करा, मग किल्ली शोधा.

मामा आता बरे आहेत. बाजारची ती किल्ली त्यांनी खुंटीवरून काढून टाकलेली नाही. तिला लाल दोरा बांधून ठेवला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही फक्त दार उघडते बरं का!"