मनाला लागलेला डाग आणि मंडळींची सोबत

महोत्सवाच्या या स्मरणिकेत ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या, वैद्यकीय साहाय्य इत्यादी कार्यांविषयी इतरत्र वाचावयास मिळेलच. प्रस्तुत लेखात, ज्या गोष्टीविषयी आपण घरातसुद्धा हलक्या आवाजात बोलतो, तिचा थोडा विचार करावयाचा आहे.

एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. थोरला मुलगा शिकलेला, हुशार. ऐन पंचविशीत त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा आजार जडतो. औषधे सुरू होतात, भास ओसरतात, झोप लागू लागते. डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू कामाला लागा. पण नोकरीचा अर्ज महिनाभर टेबलावर तसाच पडून राहतो. आईने विचारले तर उत्तर येते, "मला कोण ठेवणार कामावर? कशाला उगाच अर्ज करायचा?" घरचे म्हणतात, हा आळस आहे. आजारानेही माणसाची उमेद खचते, हे खरे. परंतु पुष्कळदा कारण तिसरेच असते, आणि ते गोळीने जात नाही.

हे तिसरे कारण म्हणजे आत्मकलंक. समाज मनोरुग्णाला नावे ठेवतो, हा बाहेरचा कलंक. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली कलंक या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून त्याचा पद्धतशीर अभ्यास होत आला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी हाच कलंक आत कसा उतरतो ते पायऱ्यापायऱ्यांनी दाखविले. लोक काय म्हणतात हे प्रथम रुग्णाला कळते. मग ते त्याला पटते. मग तो ते स्वतःस लावून घेतो, आणि शेवटी त्याचा स्वतःवरचा विश्वास ढळतो. वरच्या चित्रातील मुलाचे "कशाला?" हे या शेवटच्या पायरीवरचे बोल होत.

आता कोणी म्हणेल, आम्ही त्याला रोज समजावतो, मग उपयोग का होत नाही? कारण उघड आहे. "तुझ्यात काही कमी नाही" हे आईने म्हटले तर ती माया ठरते, डॉक्टरांनी म्हटले तर तो त्यांचा व्यवसाय ठरतो. पण ज्याने तेच भोगले आहे असा माणूस म्हणाला, तर ते शब्द आत पोचतात. समूहोपचाराचे मर्म ते हेच. बॉस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली क्षयरोग्यांना एकत्र बसवून वर्ग सुरू केला, तो या पद्धतीचा एक आरंभ मानतात. क्षयही त्या काळी लपविण्याचा आजार होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आत्मकलंकासाठीच खास रचलेली एक पद्धत फिलिप यानोस, डेव्हिड रो व पॉल लायसेकर या तिघांनी मांडली. तीत सुमारे २० बैठकी असतात. लहानसा गट आठवड्यातून एकदा प्रशिक्षित मार्गदर्शकांसह बसतो. प्रथम प्रत्येकजण स्वतःविषयी व आपल्या आजाराविषयी काय वाटते ते सांगतो. पुढे प्रचलित समजुती तपासल्या जातात. उदाहरणार्थ, "मनोरुग्ण हिंसक असतात." वस्तुतः बहुसंख्य रुग्ण कोणास इजा करीत नाहीत. त्यानंतर "मी कुचकामी आहे" असा विचार आला की त्याला पुरावा काय, हे विचारण्याची सवय लावतात. शेवटच्या भागात प्रत्येकजण आपल्या आयुष्याची हकीकत सांगतो आणि इतर ऐकतात. तीत आजार हे एक प्रकरण असते, संपूर्ण ग्रंथ नव्हे.

ही काही जादू नव्हे. काही चाचण्यांत आत्मकलंक कमी झालेला आढळला, काहींत फरक स्पष्ट दिसला नाही. शिवाय हा उपचार औषधांच्या जोडीचा आहे, त्यांच्या ऐवजी नव्हे. औषध आपल्या मनाने बंद करू नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

आपल्या भाषेत या कामाची वाट अगदीच अनोळखी नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने १९९७ साली स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण व नातेवाईक यांचे स्वमदत गट चालविले. २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे आपल्या सभासद कुटुंबांतही असे रुग्ण असणार. ते दिसत नाहीत, कारण आपण त्यांना दिसू देत नाही. बहिणीचे लग्न ठरेपर्यंत भावाला पाहुण्यांसमोर आणावयाचे नाही, अशी रीत पाळणारे आपणच. त्या बंद खोलीत तो काय शिकत असेल, याचा विचार करावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समानतेचा व गुप्ततेचा हक्क दिला आहे. १४४१६ या टेलिमानस दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पण बसावयास जागा आणि सोबतीस माणसे ही मंडळींनीच द्यावयाची असतात. आपल्या सभागृहाची एक खोली आठवड्यातून एक तास अशा गटास मिळाली आणि मानसोपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभले, तर खर्च तो कितीसा? दारावर पाटीही नको. ज्याला यावयाचे आहे त्याला कळले म्हणजे झाले. विश्वस्त मंडळाने याचा अवश्य विचार करावा. आणि तोवर प्रत्येक घराने एवढे करावे की, पाहुणे आले असता आतल्या खोलीतल्या माणसालाही चहाला बाहेर बोलवावे.