साडेअठरा गुंठे आणि १२३ घरे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एलिझाबेथ स्ट्रीटवर पालिकेच्या मालकीची सुमारे २०,००० चौरस फूट जागा आहे. आपल्या हिशेबाने जेमतेम साडेअठरा गुंठे. तिथे ज्येष्ठांसाठी परवडणारी घरे बांधण्याचा विषय २०१२ च्या सुमारास निघाला, पुढे १२३ घरांचा आराखडा झाला आणि जून २०२५ मध्ये तो गुंडाळला गेला. मधल्या १३ वर्षांत एक वीटही रचली गेली नाही.

जागा मोकळी नव्हती. ॲलन रीव्हर या गॅलरीमालकाने १९९१ मध्ये ती महिना-महिना मुदतीच्या करारावर पालिकेकडून भाड्याने घेतली, साफ केली, झाडे लावली, जुन्या वास्तूंमधले दगडी सिंह, खांब, पुतळे आणून मांडले. बरीच वर्षे आत जायचे तर त्याच्या गॅलरीतूनच जावे लागे. घरांची चर्चा सुरू झाल्यावर, २०१३ पासून, रहिवाशांनी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावून या बागेचे रस्त्याकडचे फाटक सर्वांसाठी उघडे ठेवायला सुरुवात केली.

घरांच्या बाजूचे आकडे अंगावर येतात. ज्येष्ठांच्या परवडणाऱ्या घरांसाठी शहरात दोन लाखांवर लोक प्रतीक्षायादीत आहेत आणि नंबर लागायला सरासरी सात वर्षे जातात, असा अंदाज ‘लाइव्हऑन न्यूयॉर्क’ या संस्थेने २०१६ मध्ये मांडला होता. त्या यादीसमोर १२३ घरे म्हणजे सोळाशे नावांमागे एक. त्यांतली ३० टक्के, म्हणजे सुमारे ३७, बेघर राहिलेल्या वृद्धांसाठी होती. ‘एवढ्याने काय होणार?’ असे विचारणे सोपे आहे. पण प्रत्येक गल्लीने हेच विचारले तर यादी हलायची कशी? २०२३ च्या पाहणीत शहरातल्या भाड्याच्या घरांपैकी अवघी १.४१ टक्के रिकामी आढळली.

बागेच्या बाजूचा हिशेबही खोटा नाही. हजार माणसांमागे अडीच एकर मोकळी जागा असावी, असे न्यूयॉर्कच्या नियोजनाचे उद्दिष्ट आहे. माणशी साधारण १०९ चौरस फूट. योजनेत इमारतीशेजारी सुमारे ६,७०० चौरस फूट जागा मोकळी ठेवायची होती. या मापाने ती ६१ जणांना पुरते आणि इमारतीत राहायला येणारेच किमान १२३. मॅनहॅटनसारख्या दाट वस्तीत हे उद्दिष्ट गाठणे अवघडच, हे मान्य. तरी बागेचा दोन तृतीयांश भाग जाणार होता, हे उरतेच.

रहिवाशांनी नुसता नकार दिला नव्हता. हडसन स्ट्रीटवरच्या पालिकेच्या मोठ्या भूखंडावर यापेक्षा जास्त घरे होतील, असे त्यांचे म्हणणे. पालिकेचे उत्तर होते, दोन्हीकडे बांधू. जून २०१९ मध्ये नगर परिषदेने योजना मंजूर केली, मग कोर्टकचेरी झाली आणि जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला. वर्षभरात महापौर एरिक ॲडम्स यांनी योजनाच सोडली. बदल्यात स्थानिक नगरसेवक ख्रिस्तोफर मार्टे यांनी दुसऱ्या तीन जागांवर मिळून ६२० हून अधिक परवडणाऱ्या घरांना पाठिंबा दिला.

६२० म्हणजे १२३ च्या पाचपट, असे म्हणून हा सौदा फायद्याचा ठरवला जातो. मला तो तेवढा साधा वाटत नाही. १२३ घरे सगळी ज्येष्ठांची होती, मंजुरी आणि न्यायालयाचा निकाल दोन्ही हाताशी होते. ६२० हा आकडा परवडणाऱ्या घरांचा आहे, केवळ ज्येष्ठांच्या घरांचा नव्हे, आणि त्यासाठी बांधकामाचे नियम नव्याने बदलावे लागणार. २०१२ मध्ये ६५ वर्षांचा असलेला माणूस २०२५ मध्ये ७८ चा झाला. घरांची बेरीज करताना ही १३ वर्षे कुणीच वजा केली नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲडम्स प्रशासनाने जागा उद्यान म्हणून जाहीर केली. आता तिथे बांधायचे तर राज्य विधिमंडळाची परवानगी लागेल. म्हणून खरी कसोटी त्या तीन जागांच्या सुनावण्यांत आहे. बागेसाठी झटलेल्या रहिवाशांनी तिथे घरांच्या बाजूने उभे राहावे आणि दोन आकडे लेखी मागावेत: ज्येष्ठांसाठी किती घरे, आणि ताबा कोणत्या वर्षी.