इंजिनाला एरंडेल हवंच का?

गाडी सर्व्हिसिंगला टाकून तुम्ही ऑफिसात पोचता. पहिला चहा होतो न होतो तोच फोन. 'सर, ऑइल चेंज करतोच आहोत, तर इंजिन फ्लश पण करून टाकू का? आतली सगळी घाण निघून जाईल.' समोर मीटिंग, बॉस खुणावतोय. 'हो हो, करून टाका,' म्हणून तुम्ही मोकळे होता आणि संध्याकाळी बिलात काही शे रुपयांची एक ओळ वाढलेली असते. रत्नागिरी असो नाहीतर पुणे-मुंबई, या फोनला 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. 'घाण' म्हटल्यावर ती काढायलाच हवी ना!

आपल्या आज्यांचाही हाच फंडा होता. ठरल्या रविवारी पोरांना रांगेत उभं करायचं आणि एकेकाला एरंडेल पाजायचं. पोट खरंच बिघडलंय का, हे विचारायची सोय नव्हती. इंजिनाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आधी विचारावा.

फ्लश म्हणजे एक छोटी बाटली. त्यात रॉकेलच्या जातकुळीतलं सॉल्व्हंट आणि थोडं डिटर्जंट असतं. जुनं ऑइल काढण्याआधी ती गरम इंजिनात ओतायची, बाटलीवर लिहिलेली पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, मग सगळं ऑइल काढून फिल्टर बदलायचा. जुने मिस्त्री हेच काम ऑइलमध्ये डिझेल टाकून करायचे. आता त्याला चकचकीत लेबल आलं, एवढंच.

गंमत अशी, की तुम्ही जे ऑइल भरता त्यात डिटर्जंट आधीपासूनच असतं. काजळी सुटी करायची आणि तरंगत ठेवायची हेच त्याचं काम. म्हणून तर ऑइल काळं पडतं. डिझेल गाडीत ते काहीशे किलोमीटरमध्येच काळंकुट्ट होतं आणि डिपस्टिक पुसून ते काळं फडकं तुमच्यासमोर धरलं की तुम्ही घाबरता. घाबरू नका, ते ऑइल आपलं काम करतंय. बोल्ट उघडला की काजळी त्याच्यासोबत बाहेर जाते. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदलणाऱ्याच्या इंजिनात फ्लशने काढण्यासारखं फारसं काही उरतच नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं मॅन्युअल एकदा उघडून बघा. एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल कधी बदलायचं याचं वेळापत्रक त्यात असतं. फ्लशचा रकाना सहसा नसतोच.

कोकणी पावसाळा आणि झाकणाखालची साय

रत्नागिरीकरांचा प्रॉब्लेम जरा वेगळा आहे. मारुती मंदिरहून जयस्तंभ, तिथून बाजार, परत घरी. गाडी दिवसभर फिरते, पण एका वेळी दोन-तीन किलोमीटर. इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि तिचा थोडा अंश ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात बाहेर चार महिने धो धो पाऊस आणि हवा ओलीचिंब. मग एक दिवस ऑइलचं झाकण उघडावं तर खाली दुधाळ, कॉफीच्या रंगाची साय!

अशा वेळी लगेच बाटली विकत घेऊ नका. आधी डिपस्टिक बघा. त्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि साय फक्त झाकणालाच असेल, तर आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाऊन या. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. इंजिन खणखणीत तापेल, ओल उडेल, आणि वीकेंडही सार्थकी लागेल. यापेक्षा सही फ्लश आमच्या तरी माहितीत नाही. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल आलं तर मात्र प्रकरण सीरियस आहे. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरमधून पाणी आत येत असू शकतं. त्याला दुरुस्तीच हवी, फ्लशने ते झाकलंही जाणार नाही.

खरी घाण साचते ती आबाळ झालेल्या गाडीत. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे सेकंडहँड बाजारात फिरणाऱ्या त्यांच्या डिझेल गाड्या आता बऱ्यापैकी म्हाताऱ्या आहेत. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, देव जाणे. जळकं ऑइल घट्ट होऊन ग्रीससारखा गाळ होतो. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत टोयोटाच्या काही इंजिनांत असा गाळ होण्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की २००२ मध्ये कंपनीला दुरुस्तीची खास योजना जाहीर करावी लागली.

इथे बाटली कामाची वाटते, आणि नेमकी इथेच ती धोक्याची आहे. सॉल्व्हंटने गाळाचे पापुद्रे एकदम सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. प्रेशर पडतं. बेअरिंग, टर्बो उपाशी राहतात आणि काही शे रुपयांच्या बाटलीपायी इंजिनचं काम निघतं. त्यापेक्षा साधं चांगलं ऑइल भरा, हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, फिल्टरसकट बदला, पुन्हा तेच करा. गाळ हळूहळू सुटेल. फारच असेल तर मिस्त्रीकडून चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करून घ्या.

चिपळूणचा जुलै

मग इंजिन धुवावंच लागतं असा प्रसंग येतो का? येतो. आपल्याच जिल्ह्यात आला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठेत पुरुषभर चढलं. दारात, पार्किंगमध्ये उभ्या गाड्या त्यात बुडाल्या. अशा गाडीची सगळ्यात मोठी दुश्मन म्हणजे आपली उत्सुकता. 'बघू तरी चालू होते का!' पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खेळ खल्लास. बॅटरी सोडवा, चावीला हात लावू नका, गाडी उचलून गॅरेजला न्या. तिथे प्लग किंवा इंजेक्टर काढून आतलं पाणी बाहेर काढतात, चेंबर रिकामा करतात, फिल्टर बदलतात. मग स्वस्तातलं नवं ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. दुधाळपणा जाईपर्यंत दोनदा, तीनदा. त्यानंतरच कायमचं ऑइल. हा खरा फ्लश, आणि तोही ऑइलनेच!

इन्शुरन्सचंही बघून ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी जाऊन झालेलं इंजिनचं नुकसान बऱ्याचदा नाकारलं जातं. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर मिळतं. ते मे महिन्यात आठवून उपयोग नाही, रिन्यूअलच्या वेळीच घ्यावं लागतं.

आणि सर्व्हिसिंगचा तो फोन? जॉब कार्डवर सही करतानाच फ्लशची ओळ खोडायला सांगा, मग तो येणारच नाही. तेवढ्या पैशात कंपनीचा ओरिजिनल फिल्टर बसवून घ्या आणि भरलेल्या ऑइलचा रिकामा डबा मागून त्यावरची ग्रेड मॅन्युअलशी ताडून बघा.